कोपऱ्यातली गोल भिंत

रेश्मानं बोर्डाच्या तुकड्याची पाठ ओल्या फडक्यानं पुसली, कागद पुरेसा भिजला का ते अंगठ्यानं दाबून पाहिलं आणि तुकडा अंगणातल्या निळ्या पिंपाच्या पोटाला लावून वरून जुनी ओढणी आवळली. जिप्समचा बोर्ड कोरडाच वाकवायला गेलं तर मोडतो. भिजवला, हळूहळू दाबत नेला आणि तसाच वाळू दिला, की गोलाई धरतो. हे सगळं तिनं मोबाइलवर पाहून ठेवलं होतं, कारण भिंतीतल्या एवढ्याशा भोकासाठी नेरे गावापर्यंत यायला एकही कारागीर तयार झाला नव्हता. अख्खी भिंत असेल तर सांगा ताई, असं म्हणून सगळ्यांनी फोन ठेवून दिले होते.

तुकडा वाळेपर्यंत भिंतीचा फुटका भाग चौकोनी कापून घ्यावा, म्हणून ती कटर, बॅटरी आणि स्क्रूची पुडी घेऊन घरात आली. खोलीच्या उंबऱ्यात तिच्या सासूबाई, गोजराबाई, बसल्या होत्या. सकाळी कामावर जाण्याआधी अमोलनं आईची लोखंडी कॉट खोलीतून ओढत बाहेर काढली, तेव्हापासून त्या तिथंच होत्या. चहा त्यांनी तिथंच घेतला आणि भाकरीला नको म्हणाल्या.

"आत्या, जरा सरका."

"आत जाऊ नगंस."

"भोक बुजवायचंय. संध्याकाळी ईश्वरीचा पलंग येणार हाय."

"त्या भिंतीत जनावर हाय," गोजराबाई म्हणाल्या. "लांबडं. म्या ऐकलंय."

रेश्माचा पुढं टाकलेला पाय जागीच थांबला. सापाचं नुसतं नाव काढलं तरी तिच्या अंगावर काटा यायचा. कासारसाईला माहेरी असताना चुलत्याला घोणस चावली होती. त्याचा तो सुजून काळानिळा पडलेला पाय ती अजून विसरली नव्हती.

"कवापासून हाय?"

"लई दिवस झालं."

"मग आजवर बोलला न्हाईत ते?"

गोजराबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. रेश्माच्या मनात भीतीच्या शेजारी रागही येऊन बसला. ही म्हातारीची शेवटची खेळी असणार, असं तिला वाटलं. खोलीचा तंटा वर्षभर चालला होता आणि कालच कुठं अमोलनं तो ईश्वरीच्या बाजूनं मिटवला होता.

घरातली सगळ्यात चांगली खोली ती. पूर्वेला मोठी खिडकी, उन्हाळ्यातही गार. घर बांधून झालं त्या दिवशी गोजराबाईंनी आपली कॉट तिथं नेऊन टाकली आणि नंतर कुणाला म्हणून त्या खोलीत राहू दिलं नाही. सासरे, जयसिंगराव, दवाखान्यातून परत आले तर त्यांना हॉलमध्ये टीव्हीसमोर दिवाण दिला. मागच्या वर्षी ते गेले तेही त्याच दिवाणावर. सुगीत ज्वारीची पोती ठेवायला जागा नसली, तरी या खोलीत एक पोतं ठेवू देतील तर शपथ. ते सगळं रेश्मानं खपवून घेतलं असतं. पण ईश्वरी उशी घेऊन आजीजवळ निजायला गेली, की गोजराबाई तिला दारातूनच परत लावायच्या. एकदा तर पोरगी झोपेत आत शिरली, तेव्हा त्यांनी तिला दंडाला धरून ओढत बाहेर आणलं होतं. दंडावर बोटं उठली होती. नातीला अशी हाकलणारी आजी रेश्मानं आख्ख्या मुलुखात पाहिली नव्हती. त्या दिवसापासून तिनं मनात धरलं होतं, की ही खोली आपल्या लेकीला मिळवून द्यायचीच.

"बघते मी जनावर," ती म्हणाली आणि सासूच्या गुडघ्यावरून पाय टाकून आत गेली.

खोलीच्या आतल्या कोपऱ्यात, कणगी उभी करून ठेवावी तशी ती गोल भिंत फुगून पुढं आलेली होती. तिथं पूर्वी आड होता. घर बांधताना तो मुरूम टाकून बुजवला होता. आड बुजवला की त्यातल्या आसरा, म्हणजे पाण्यातल्या देवता, कोंडतात आणि घरावर कोपतात, म्हणून गोजराबाईंनी तेव्हा फार हट्ट धरला होता. आडाला श्वासाला पाइप ठेवा, त्याच्या डोक्यावर विटेचं ओझं टाकू नका, असं त्यांचं म्हणणं. अमोलनं आईचं निम्मं ऐकलं. हातभर पाइप मुरमात खोचला आणि तो झाकायला जिप्समची हलकी, गोल भिंत उभी केली. आडाचं निम्मं तोंड भिंतीआड गेलं, निम्मं खोलीच्या फरशीखाली आलं. पाहुण्यांना तो ऐटीत सांगायचा, डिझाइन आहे म्हणून.

त्या भिंतीला दर पावसाळ्यानंतर एकाच जागी चीर पडायची. अमोल पुट्टी भरून रंग मारायचा आणि पुढच्या वर्षी चीर पुन्हा तिथंच. सकाळी कॉट तिरकी करून ओढताना कॉटचा लोखंडी पाय नेमका त्या चिरेवर बसला आणि बोर्ड आत गेला. मांडीच्या उंचीवर, थाळीएवढं भोक पडलं.

रेश्मानं आधी भिंतीवर चार थापा मारल्या. आत काही असेल तर सळसळेल म्हणून श्वास रोखून ऐकलं. काही हललं नाही, पण भोकातून गार हवा मात्र येत होती, आणि तिला ओला, मातकट वास होता. तिनं बॅटरी आत मारली. विटांची नागडी भिंत, कोळिष्टकं, आणि मधोमध पाइपाचं तोंड. त्यावर बसवलेली जाळी गंजून गळून पडली होती. पाइपाभोवती हिरव्या बांगड्यांचे तुकडे पडले होते. भिंत उभी राहण्याआधी कुणीतरी ओटी भरून गेलं होतं, आणि ते कुणी हे काही सांगायला नको होतं.

"दिसलं का?" उंबऱ्यातून आवाज आला.

"न्हाई कुणी."

"मग ये आता बाहिर. अमोल आल्यावर करंल."

"आत्या, तुमी का एवढं घाबरवताय मला?"

रेश्मानं कटर धरला आणि फुटका भाग चारी बाजूंनी कापायला लागली. बोर्डाची पांढरी पूड तिच्या मनगटावर, पदरावर पडत होती. कापलेला चौकोन तिनं अलगद बाहेर काढला. आता एक लाकडी पट्टी आतल्या बाजूनं आडवी धरायची, बाहेरून स्क्रू मारून ती पक्की करायची आणि तिच्यावर नवा तुकडा बसवायचा होता. म्हणजे डावा हात आत घालणं आलंच. तो हात काही केल्या पुढं जाईना. कोपरापर्यंत अंधारात जाणारा आपलाच हात तिला डोळ्यांपुढं दिसत होता. आपण उगाच भितोय, असं तिनं स्वतःला बजावलं आणि पट्टी धरून हात आत सरकवला. आतली हवा तिच्या बगलेपर्यंत थंड लागली.

पहिला स्क्रू नीट बसला. दुसरा तिनं दातांत धरला होता, तो घेताना बोटं घामानं बुळबुळीत झाली आणि स्क्रू भोकाच्या कडेवरून आत घरंगळला. पाइपाच्या काठावर तो किणकिणला आणि पाइपात गेला. मुरमावर पडेल आणि टक्कन वाजेल, म्हणून तिचे कान आपोआप तिकडं लागले.

टक्कन काही वाजलं नाही. वाजलं ते उशिरा, फार खालून, आणि ते पाणी होतं.

आवाज लहानसाच होता, पण त्याच्यामागून एक घुमारा आला. मोठ्या, रिकाम्या जागेत येतो तसा. रेश्मानं हात बाहेर काढला. तिनं पुडीतून आणखी एक स्क्रू घेतला, पाइपाच्या तोंडावर धरला आणि मुद्दाम सोडला. पुन्हा तेवढाच वेळ गेला आणि पुन्हा खाली पाणी वाजलं.

मग तिनं आपल्या पायांकडं पाहिलं. ती ज्या फरशीवर उभी होती तिच्या सांध्यातलं सिमेंट केव्हाचं निघून गेलं होतं आणि सांधा काळा पडला होता. शेजारची फरशी एका बाजूला किंचित खचलेली होती. गेल्या तासाभरात आपण इथं किती वेळा उठलो, बसलो, भिंतीला जोर लावला, हे आठवून तिनं अंगाचा भार हळूच दोन्ही पायांवर वाटून घेतला.

"रेश्मा," गोजराबाई म्हणाल्या. त्या उठून उभ्या राहिल्या होत्या. आवाज अगदी हलका होता, झोपल्या मुलाला हलवताना काढावा तसा. "पोरी, हालू नगंस एकदम. ऐकतेस न्हवं?"

रेश्मानं मान हलवली.

"आता सावकाश वळ. मधनं येऊ नगंस. कपाटाच्या अंगानं, भिंतीला धरून ये. तितं घट्ट हाय."

सासूबाई खोलीत नेहमी अशाच चालायच्या. कपाटाच्या कडेनं, भिंतीला हात लावत. म्हातारीला मोकळी खोली दिसत नाही का, म्हणून रेश्मा आणि अमोल मागं हसायचे. आता ती स्वतः त्याच वाटेनं, पाठ भिंतीला घासत, पाय न उचलता सरकत आली. मधेच एक फरशी तिच्या टाचेखाली डुगडुगली आणि तिच्या तोंडून आई गं निघून गेलं. दारातून गोजराबाईंचा हात पुढं आला. त्या वाळक्या हातात एवढा जोर असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. उंबरा ओलांडल्यावर ती खाली बसली ती बसलीच.

गोजराबाईंनी दार ओढून घेतलं, कडी घातली आणि दाराला पाठ लावून त्याही खाली बसल्या.

"आड भरलेलाच न्हाई?" रेश्मानं विचारलं.

"न्हाई."

"अमोलनं तर डंपर लावले होते."

"अमोल तवा दवाखान्यात व्हता, बापापाशी. मुरमाच्या खेपा म्या खालच्या रानात टाकाय लावल्या. कोंडाजी मिस्त्रीनं आडाच्या तोंडावर जुन्या घराच्या तुळया टाकल्या, वर थापी मारून मुरूम पसरला. त्योबी आसरांना भिणारा. दोघांनी कुणाला सांगायचं न्हाई असं ठरवलं."

"पर का, आत्या?"

"ह्यांचं पोट फाडलं व्हतं त्या दिवशी. डाक्टर म्हनले, काय सांगता येत न्हाई." गोजराबाई खाली बघत बोलत होत्या. "म्या आडाच्या काठावर उभं ऱ्हाऊन बोलले, माझा मानूस माघारी द्या, तुमच्या तोंडात माती घालू देणार न्हाई कुणाला. त्यांनी दिला. मग म्या कशी घालू?"

बाहेर रस्त्यानं टँकर गेला आणि त्याच्या धक्क्यानं बंद दाराची कडी किंचित वाजली. दोघीही तिच्याकडं बघत राहिल्या.

"मामा गेल्यावर तरी सांगायचं."

"सांगितलं असतं तर अमोलनं दुसऱ्या दिशी डंपर उभा केला असता. आन् आसरा मग कुणाला नेतील? माझं काय राहिलंय न्यायाला." त्या थांबल्या. "घरात ईश्वरी हाय, अमोल हाय, तू हायेस."

तुळया किती वर्षांच्या असतील, खालच्या ओलीनं त्यांचं काय झालं असेल, याचा हिशेब तिचं डोकं आपोआप करत होतं आणि प्रत्येक वेळी मधेच थांबत होतं. आज संध्याकाळी त्या फरशीवर लाकडी खणांचा जड पलंग आला असता. रात्री त्यावर ईश्वरी निजली असती. नव्या पलंगावर ती उड्या मारल्याशिवाय राहिली नसती. आणि ही खोली लेकीला मिळावी म्हणून घरात आकांडतांडव कुणी केलं होतं? तिनं तोंडावर पदर धरला आणि मोठे मोठे श्वास घेतले.

"आणि तुमी?" थोड्या वेळानं तिनं विचारलं. "तुमी रोज तितंच निजत होता की."

"रिकामी ठेवली असती तर अमोलनं भाडेकरी आणला असता. न्हाईतर पोती लावली असती." गोजराबाईंनी आपल्या दंडाकडं पाहिलं. "मला काय हुतंय. माझं वजन कितीसं हाय, पोरी."

हे त्या इतक्या साधेपणानं बोलल्या, की रेश्माला रडूही आलं नाही. एवढी वर्षं ज्या बाईला ती हावरट समजत आली होती, ती बाई रोज रात्री कपाटाच्या कडेनं चालत जाऊन त्या कॉटवर अंग टाकत होती आणि बहुधा डोळा न लावता खालचा कानोसा घेत पडत होती. रेश्मानं सासूचा हात आपल्या हातात घेतला.

मोबाइल वाजला. अमोल होता.

"झाली का भिंत? पलंगवाल्याचा फोन आला होता, निघतोय म्हणाला."

"त्याला येऊ नको म्हणून सांगा."

"का? आईनं पुन्हा काढलं का काही?"

गोजराबाई तिच्या तोंडाकडं बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांत जी भीती होती ती फरशीची नव्हती.

"खोलीच्या खाली आड तसाच हाय," रेश्मा म्हणाली. "भरलेला न्हाई. मी स्वतः ऐकलंय पाणी. खोलीला कडी घातलीय, आत कुणी जाणार न्हाई."

पलीकडचा कंपनीतल्या मशिनींचा आवाज कमी होत गेला; अमोल बाहेर आला असावा.

"आईला विचार," तो म्हणाला. "नको, मीच येतो. उद्या सकाळी डंपर लावतो, एका दिवसात भरून टाकू."

रेश्माचा आसरांवर विश्वास नव्हता. कॉलेज शिकलेली बाई होती ती, आणि माहेरी तर असल्या गोष्टींची चेष्टाच व्हायची. तरी 'लावा' एवढा साधा शब्द तिच्या तोंडून निघेना. समोर बसलेली म्हातारी आणि मघाशी खालून आलेला तो घुमारा, दोन्ही तिच्या छातीवर बसले होते.

"भरायचा न्हाई," ती म्हणाली. "खोली पाडायची. आड उघडा करायचा आणि त्याला कठडा बांधायचा."

"डोकं फिरलंय का तुझं? घरातली सगळ्यात मोठी खोली हाय ती."

"माहितेय मला. तुमी आधी घरी या."

तिनं फोन ठेवला. अमोल ऐकेल की नाही, हे तिला सांगता आलं नसतं; तो आल्यावर आवाज चढणार आणि रात्रीपर्यंत घरात वाद पेटणार, हे मात्र नक्की होतं. गोजराबाईंनी डोकं मागं दाराला टेकवलं आणि डोळे मिटून घेतले.

शाळेची गाडी वाजली तेव्हा रेश्मा ताडकन उठली. ईश्वरी बूट न काढताच पळत आली आणि सरळ त्या दाराकडं धावली. रेश्मानं तिला कमरेला विळखा घालून मधेच उचललं.

"सोड ना! माझी खोली बघायचीय."

"ती खोली नाही मिळायची."

"आजीनं परत घेतली?"

"नाही. ती आता कुणाचीच नाही. त्या दाराला हात लावायचा नाही, कडी काढायची नाही. कळलं?"

आईचा आवाज असा का झालाय, हे ईश्वरीला उमगलं नसावं. पण तिनं हट्ट केला नाही. चेहरा पाडून तिनं दप्तर कोपऱ्यात टाकलं आणि हॉलमध्ये आली. गोजराबाई तिथं येऊन खाली बसल्या होत्या. त्यांची कॉट भिंतीला उभी करून ठेवलेली होती आणि सतरंजीची घडी शेजारी पडलेली होती. ईश्वरी थोडा वेळ लांबूनच आजीकडं बघत उभी राहिली. मग जरा जवळ सरकली.

"आजी, मी इथं झोपू?"

गोजराबाईंचा हात सवयीनं वर उठला, हाकलायला उठायचा तसाच. तो तिथंच थांबला. मग त्यांनी तो खाली आणला आणि मुठीनं आपल्या शेजारच्या फरशीवर ठोकून पाहिलं. कान वाकडा करून ऐकलं. थोडं पुढं सरकून दुसऱ्या फरशीवर ठोकलं, मग तिसऱ्या. ईश्वरीला हा खेळ वाटला, तीही खाली बसून ठोकायला लागली. गोजराबाईंनी तिला थांबवलं नाही. भोवतालच्या सगळ्या फरश्या तपासून झाल्यावर त्यांनी सतरंजीची घडी उलगडली, हातानं नीट सारखी केली आणि स्वतः कडेला सरकून जागा केली.

"ये," त्या म्हणाल्या. "नीज हितं."